कार्ड संपतंय, डबे चालू आहेत: एच-४ वरच्या मैत्रिणीच्या धंद्याला आधार कसा द्यायचा

अमेरिकेत पोळीभाजीचे डबे, कथकचे क्लास, घरगुती पाळणाघरं, ब्लाउज शिवणं असे कितीतरी मराठी धंदे एका प्लास्टिकच्या कार्डावर उभे असतात. नवरा एच-१बी वर (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा), त्याचा आय-१४० (कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालेला, ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी दहा वर्षांहून लांब. तोवर एच-४ वरच्या (म्हणजे एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या) बायकोला कामाचा परवाना मिळतो (बायको एच-१बी वर असेल तर नवऱ्याला). हाच एच-४ ईएडी. कार्डावर त्याचा वर्ग 'सी२६' असा छापलेला असतो. २६ मे २०१५ पासून ही सोय आहे. तिच्याविरुद्धचा दावा ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नकार दिला, त्यामुळे सोय टिकली आहे. या कार्डावर नोकरी करता येते, स्वतःचा धंदा काढता येतो, धंद्यात माणसंही ठेवता येतात.

अडचण नूतनीकरणाची आहे. पूर्वी वेळेत अर्ज केला की जुनं कार्ड आपोआप ५४० दिवसांपर्यंत लांबायचं (एच-४ ला आय-९४ च्या, म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीच्या नोंदीवरच्या, तारखेची मर्यादा होती, तरी आधार होता). ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर केलेल्या अर्जांना ही मुदतवाढ नाही. कार्डावरची तारीख उलटली आणि नवं कार्ड आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कणकेला हात लावायचा नाही. सरळ हिशोब आहे, पण तो मोडला जातो, आणि बहुतेक वेळा भल्या इच्छेने मदतीला आलेल्या लोकांकडूनच. म्हणून हे टिपण तिच्यापेक्षा तिच्या शेजाऱ्यांसाठी, गिऱ्हाइकांसाठी आणि मंडळातल्या मंडळींसाठी जास्त आहे.

आधी तारखा, मग सहानुभूती

पहिल्या बैठकीला तिने चार कागद आणायचे: ईएडी कार्ड, स्वतःचा ताजा आय-९४, नवऱ्याची आय-७९७ (एच-१बी मंजुरीची नोटीस) आणि दोघांचे पासपोर्ट. आय-९४ सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून नव्याने उतरवून घ्या, जुनी प्रिंट चालवू नका. व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख देशात शिरण्यासाठी असते. देशात राहण्याची मुदत आय-९४ ठरवतो, आणि लोकांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

पासपोर्टही बघायचा, कारण विमानतळावरचा अधिकारी अनेकदा आय-९४ पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देतो. नवऱ्याची मंजुरी २०२७ पर्यंत आणि बायकोचा आय-९४ मात्र २०२६ च्या मार्चमध्येच संपलेला, हे कागद समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. पासपोर्टची मुदत वर्षभरावर आली असेल तर आधी व्हीएफएसमार्फत (भारतीय पासपोर्टचे अर्ज घेणारी संस्था) तो नवा करून घ्या.

चारही तारखा एका कागदावर लिहा. त्यातली सगळ्यात आधीची ती खरी. तिथून १८० दिवस मागे मोजा. त्या दिवसापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो.

उशीर कुठे होतो

बहुतेक वेळा नवऱ्याच्या कंपनीत. एच-४ ची मुदत एच-१बी वर टांगलेली, आणि ईएडी एच-४ वर. एच-१बी ची मुदतवाढही सहा महिने आधी भरता येते, पण कंपनीचे वकील बरेचदा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत हलतात. त्यांच्या दृष्टीने ते पुरेसं असतं, कारण वेळेत भरलेल्या एच-१बी मुदतवाढीवर नवरा त्याच कंपनीत २४० दिवस काम करत राहू शकतो. बायकोला अशी सवलत नाही. म्हणून नवऱ्याने मुदतीच्या आठ महिने आधी एचआरला लेखी मेल टाकायचा: बायकोचा परवाना यावर अवलंबून आहे, खिडकी उघडेल त्याच आठवड्यात अर्ज जावा. हा मेल पुढेही कामी येतो, कसा ते खाली सांगितलं आहे.

एच-१बी ला प्रीमियम प्रोसेसिंग आहे, १५ कामाचे दिवस. एच-४ च्या मुदतवाढीच्या आय-५३९ अर्जाला आणि ईएडीच्या आय-७६५ अर्जाला ते नाही. 'जास्त पैसे भरून टाका' हा सल्ला इथे लागू होत नाही. पूर्वी एका न्यायालयीन तडजोडीमुळे हे तिन्ही अर्ज एकत्र भरले की एकत्र तपासणं बंधनकारक होतं. ते बंधन १८ जानेवारी २०२५ रोजी संपलं. अर्ज अजूनही एकत्रच भरा, पण निकालही एकत्र लागेल असं गृहीत धरू नका.

अर्जाचा गठ्ठा

यात मंडळाला खरंच हातभार लावता येतो. कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, पण कागद जुळवायला बसायला हरकत नाही. गठ्ठा परत येण्याची कारणं फार साधी असतात. फॉर्मची आवृत्ती जुनी, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेली तारीख इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरच्या तारखेशी ताडून पाहा. सही राहिलेली. दोन फॉर्मचे पैसे एकत्र भरलेले. प्रत्येक फॉर्मचे पैसे वेगळे भरायचे. आणि चेक: २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी अर्जासोबत साधा चेक किंवा मनी ऑर्डर घेत नाहीत. क्रेडिट कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यातून वळते करण्यासाठी जी-१६५० हा फॉर्म जोडावा लागतो. गठ्ठा परत आला की अर्जाची तारीख हातची गेली, आणि सहा महिन्यांतले तीन आठवडे नुसत्या टपालात जातात.

आय-७६५ सोबत लागतं ते असं: जुन्या ईएडीची दोन्ही बाजूंची प्रत, आय-९४, नवऱ्याची एच-१बी ची आय-७९७, आय-१४० च्या मंजुरीची प्रत, लग्नाचा दाखला, आणि फॉर्मच्या ताज्या सूचनांत मागितले असतील तर फोटो.

लग्नाच्या दाखल्याशी जरा थांबा. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्क्यांसकट. खाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र हवं: मला दोन्ही भाषा येतात, हे भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, नाव, सही, पत्ता, तारीख. नोटरीची सक्ती नाही. मंडळातल्या कोणीही हे करावं, फक्त नवराबायकोंनी स्वतः करू नये. दुसरी खास आपली भानगड नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं, मधे नवऱ्याचं. कधी मुलीचं पहिलं नावही लग्नात बदललेलं. अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि तो पुरावा मागवतो. तेव्हा आधीच नावांचा मेळ सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि जुना पासपोर्ट किंवा राजपत्रातली नोंद जोडून टाका.

मधल्या काळात घर बदललं तर १० दिवसांत पत्ताबदल कळवायचा असतो. टपाल खात्याकडे पत्ता बदलून भागत नाही, इमिग्रेशन खात्याचा एआर-११ फॉर्म वेगळा भरावा लागतो.

रिसीट म्हणजे परवाना नाही

आय-५३९ वेळेत भरला असेल तर तो निकाली निघेपर्यंत ती देशात राहू शकते. पण काम करू शकत नाही. राहणं आणि काम करणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि 'रिसीट आलीय ना, मग चालतं' हे वाक्य पॉटलकमध्ये ऐकून अनेक जणी गोत्यात येतात. परवान्याविना केलेलं काम पुढे ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्यावर विचारलं जातं. तिथे १८० दिवसांपर्यंतच्या चुकीला कायद्यात वाट आहे, पण ती वाट सुचवायचं काम वकिलाचं, शेजारच्या काकांचं नाही.

वकिलाबद्दल एवढंच: कंपनीचा वकील कंपनीचा असतो. तिच्या धंद्याबद्दल तो बोलणार नाही. एक तासाचा स्वतंत्र सल्ला विकत घ्या, चारपाच घरांनी मिळून फी दिली तरी चालते. राज्याच्या बारच्या (वकिलांच्या नोंदणी संस्थेच्या) संकेतस्थळावर त्याचा परवाना चालू आहे का ते पाहा. नुसती 'इमिग्रेशन कन्सल्टंट' अशी पाटी असेल तर उठून या.

स्वयंपाकघरात कोणी कोणी उभं राहायचं नाही

कार्ड संपल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. नवरा म्हणतो, संध्याकाळी मी डबे भरतो. त्याचा एच-१बी फक्त त्याच्या कंपनीपुरता आहे. बायकोच्या धंद्यात राबला तर त्याचाही दर्जा धोक्यात, आणि मग अख्खं घरच. भारतातून आलेली आई म्हणते, मी बसल्या बसल्या पोळ्या लाटते. ती बी-२ वर (पर्यटक व्हिसावर) आहे. घरच्यांसाठी हव्या तेवढ्या लाटाव्यात, विकायच्या डब्यासाठी एकही नाही. शिकायला आलेला भाचा एफ-१ वर आहे, त्यालाही डबे पोचवायला पाठवायचं नाही.

मग उरतात नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्या मैत्रिणी: 'आम्ही फुकट करतो ग!' तेही चालत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी धंद्यात स्वयंसेवक हा प्रकार संघराज्याच्या १९३८ च्या वेतन कायद्यात बसत नाही. मंडळाच्या गणपतीत मोदक वळणं वेगळं, कारण मंडळ ना-नफा संस्था आहे. तिच्या डब्यासाठी पोळ्या लाटायच्या तर पगार घ्यावा लागेल.

हात घरी लावा, दुकानात नको. मुलांना शाळेतून आणणं, तिच्या घरी जेवण पोचवणं, गाडीने सोडणं. अनेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सची मुदतही आय-९४ ला बांधलेली असते, त्यामुळे कार्डासोबत गाडीही थांबू शकते. तिथे मदत मोकळेपणाने करता येते.

माणूस ठेवणे

धंदा कंपनीच्या किंवा एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या छोट्या कंपनीच्या) नावावर असेल तर मालकी तिची राहू शकते, नफाही मिळू शकतो. रोजचं काम मात्र परवाना असलेल्या पगारी माणसाने करायचं. एकटीच्या नावावरचा धंदा असेल तर धंदा म्हणजे तीच, मग बंदच ठेवावा लागतो. म्हणून एलएलसी करायची तर कार्ड चालू असतानाच. घरगुती पाळणाघराला यातलं फारसं लागू पडत नाही, तिथे परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि तिच्या हजेरीच्या अटी असतात. राज्याच्या परवाना कचेरीला आधीच विचारा.

कार्ड संपायच्या किमान सहा आठवडे आधी माणूस कामावर यायला हवा. पहिल्या दिवसापासून तीन कामाच्या दिवसांत आय-९ (कामाचा परवाना तपासल्याचा फॉर्म) पूर्ण करायचा, डब्ल्यू-४ (पगारातल्या करकपातीचा फॉर्म) घ्यायचा, राज्याच्या किमान वेतनाप्रमाणे पगार, आणि बहुतेक राज्यांत कामगार भरपाईचा विमा. पगाराचं काम पगार-सेवेकडे सोपवा. बँकेत दुसरी सही, भाड्याच्या किचनच्या करारात दुसरं नाव, विमा कंपनीला कळवणं, हे सगळं याच सहा आठवड्यांत. फूड मॅनेजरचं प्रमाणपत्र तिच्या एकटीकडे असेल तर नव्या माणसाला परीक्षेला बसवा, नाहीतर तपासनीस आला की किचन त्या दिवशीच थांबेल.

हाताची चव कागदावर उतरवणं हे खरं कष्टाचं. 'अंदाजाने' हा शब्द त्या वहीत येता कामा नये. उदाहरणार्थ, ४० डबे, डब्यात ४ पोळ्या, म्हणजे १६०. एका पोळीचा उंडा ४५ ग्रॅम धरला तर सव्वासात किलो भिजवलेली कणीक लागते: पीठ साडेचार किलो, पाणी साधारण पावणेतीन लिटर. पाणी शेवटी हातानेच ठरतं, पिठाच्या ब्रँडप्रमाणे कपभर इकडेतिकडे होतं, म्हणून ब्रँडही लिहून ठेवा. एका माणसाला १६० पोळ्या दोन तव्यांवर सकाळच्या वेळात झेपत नसतील तर डब्यांची संख्या आजच ३० वर आणा. चव बिघडून ४० वरून १५ वर येण्यापेक्षा ते परवडतं.

आमटीचं वेगळं लिहा. गरम ठेवायची तर १३५ अंश फॅरनहाइटच्या वर. थंड करायची तर १३५ वरून ७० वर दोन तासांत, आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं की मधली आमटी रात्रभर कोमट राहते. दोन इंच खोल पसरट ट्रेमध्ये ओतायची. तिला हे सवयीने जमतं, नव्या माणसाला सांगावं लागतं.

कार्ड संपल्यावर तिने काय करायचं नाही हेही त्याच वहीत असू द्या: ऑर्डर घेणं, भाव ठरवणं, 'उद्या पुरणपोळी आहे' अशी पोस्ट इन्स्टाग्रामवर टाकणं. त्या काळातल्या तिच्या नावाच्या पोस्ट हा कामाचा पुरावा होऊ शकतो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या व्हिसा अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जातात. याच तपासणीमुळे भारतातल्या वकिलातींनी अनेकांच्या मुलाखती महिनोन्महिने पुढे ढकलल्या, तेव्हा 'जरा भारतात जाऊन शिक्का मारून येते' हा बेत वकिलाला विचारल्याशिवाय आखू नये.

पैसे

मदतीचे पैसे आणि डब्याचे पैसे एकाच खात्यात, एकाच झेलवर (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) येऊ देऊ नका. भेट म्हणून निरपेक्षपणे दिलेले पैसे तिचं उत्पन्न धरलं जात नाही. पण तुम्ही झेलच्या नोंदीत 'फॉर टिफिन' लिहिलंत की ती विक्री झाली, आणि तारीख कार्ड संपल्यानंतरची असली की आणखी वाईट. भेट तिच्या वैयक्तिक खात्यात जाऊ द्या, 'गिफ्ट' असं लिहून. २०२५ साठी देणाऱ्याला माणशी १९,००० डॉलरपर्यंत भेट-कराचा फॉर्म भरावा लागत नाही. देणाऱ्याला त्यावर करसवलतही मिळत नाही, हे वर्गणी मागतानाच सांगा.

मंडळ ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय संस्था) असेल तर एका ठरावीक व्यक्तीच्या नावाने वर्गणी गोळा करून तिला देणं टाळा. त्याने मंडळाचीच नोंदणी अडचणीत येते. कर्ज द्यायचं तर कागद करा. १०,००० डॉलरपर्यंतच्या बिनव्याजी हातउसन्याला करखातं सहसा व्याज लावत नाही, त्याहून मोठ्या रकमेवर मात्र किमान व्याजदर लावावा लागतो.

महिन्याचे आगाऊ पैसे भरलेली गिऱ्हाइकं असतील तर त्यांची यादी कार्ड संपायच्या आधी करा: नाव, रक्कम, उरलेले डबे. ज्यांना परत हवेत त्यांना परत. बाकीच्यांकडून 'थांबतो' असं लेखी घ्या. किचनच्या मालकाशीही हप्ता थकायच्या आधीच बोला, नंतर नाही.

घाईची विनंती

इमिग्रेशन खात्याकडे घाईने तपासणीची विनंती करता येते, फी नाही. कसोटी 'गंभीर आर्थिक नुकसान' ही असते: धंदा बुडण्याच्या बेतात आहे, महत्त्वाचा करार हातचा जातोय, किंवा माणसांना कामावरून काढावं लागणार आहे. आणि ही वेळ तुमच्याच दिरंगाईने आलेली नसावी. नवऱ्याने आठ महिने आधी एचआरला टाकलेला मेल इथे जोडायचा.

दोन्ही अर्जांसाठी विनंती करा. नुसत्या आय-७६५ साठी केली तर उपयोग होत नाही, कारण एच-४ ची मुदत वाढल्याशिवाय ईएडी मंजूर होऊ शकत नाही. दोन्ही रिसीट क्रमांक (तीन अक्षरं, दहा आकडे) एकाच पत्रात लिहा.

गिऱ्हाइकं हौसेने पत्रं लिहितात: ती फार गोड आहे, तिच्या हातचं थालीपीठ आईची आठवण करून देतं. अशी पन्नास पत्रं जोडू नका. पाच पुरेत, पण आकड्यांची. पगारी बाईचं पत्र: आठवड्याला किती तास, किती पगार, कधी जाणार. ऑफिसला जेवण पुरवण्याचा करार असेल तर त्या कंपनीचं: कोणत्या तारखेनंतर दुसरा पुरवठादार बघणार. किचनच्या मालकाचं: भाडं किती, थकलं तर काय. हिशोबनिसाचं: गेल्या बारा महिन्यांची उलाढाल आणि बंद राहिल्यास दर महिन्याचं नुकसान. पाचवं एखाद्या नियमित गिऱ्हाइकाचं. प्रत्येक पत्र इंग्रजीत, एका पानाचं, खाली 'खोटं असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र राहून हे खरं असल्याचं जाहीर करते' या अर्थाचं वाक्य, सही, तारीख. सगळ्यांनी एकच मजकूर चिकटवला की अधिकाऱ्याला तो दिसतोच.

खासदाराची कचेरी

विनंती फेटाळली किंवा उत्तरच आलं नाही तर आपल्या मतदारसंघाच्या खासदाराच्या किंवा सिनेटरच्या स्थानिक कचेरीत जायचं. वॉशिंग्टनला नको, इथल्या शाखेत. अशा तक्रारींसाठी तिथे वेगळा माणूस असतो. मत देता येत नसलं तरी रहिवासी म्हणून मदत मागता येते. १९७४ च्या गोपनीयता कायद्यामुळे तिची स्वतःची सही असलेलं संमतीपत्र लागतं. शेजाऱ्यांनी शंभर फोन केले तरी त्याशिवाय कचेरी फाइल विचारू शकत नाही. एकाच कचेरीत द्या. तीन ठिकाणी दिलं तर तिघेही एकमेकांकडे बघत थांबतात. खासदार निकाल बदलू शकत नाही, विचारणा करू शकतो, आणि अडकलेली फाइल कधी कधी तेवढ्याने हलते. त्यानंतरचा टप्पा दिरंगाईविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा, तो वकिलाचा.

या सगळ्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा पासपोर्ट, रिसीट क्रमांक, कार्डाचा फोटो टाकायचा नाही. कागद एकीच्याच ताब्यात, पैशांचा हिशोब दुसरीकडे, आणि ग्रुपवर फक्त 'सोमवारी मुलांना कोण आणतंय'.

कार्ड आल्यावर

लिफाफा फोडला की आधी नाव, जन्मतारीख, 'सी२६' आणि दोन्ही तारखा पाहा. नावात चूक छापली असेल तर ते कार्ड वापरत बसू नका, खात्याची चूक असल्यास दुरुस्तीला फी पडत नाही. काम कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून. मधल्या बंद दिवसांना ते मागून लागू होत नाही. कंपनीच्या पगारपत्रकावर ती स्वतः असेल तर तिच्या आय-९ ची पुनर्तपासणीची नोंद त्याच दिवशी करा. कामावर ठेवलेल्या बाईंना लगेच काढू नका, निदान पुढच्या नूतनीकरणापर्यंत आठवड्याचे दोन दिवस तरी त्यांच्याकडे राहू द्या. आणि नवी शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहिताना आठ महिने आधीच्या पानावरही एक खूण करा.